पपईचे पान आणि डेंग्यूचा ताप

आश्विन लागला, पावसाने पाठ फिरवली, की उज्जयिनीत तापाचे दिवस सुरू होतात. अशा दिवसांत सायंकाळी फ्रीगंजातील टावर चौकात उभे राहिले तर घड्याळाच्या मनोऱ्याभोवती, चाट आणि फळांच्या रसाच्या गाड्यांपाशी जमलेल्या मंडळींच्या बोलण्यात एक संख्या हटकून कानी पडते. कोणाचे ‘आज ऐंशी हजार झाले’, तर कोणाचे ‘काल चाळीसवर उतरले होते, पान दिले आणि वाढले’. क्रिकेटच्या धावसंख्येप्रमाणे ही संख्या एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ती असते रक्तातील प्लेटलेटची, म्हणजे रक्तबिंबिकांची. आणि ‘पान’ म्हणजे पपईचे पान. ज्याच्या अंगणात पपईचे झाड असेल त्याच्या फाटकाशी या दिवसांत ओळखीचे, अनोळखी असे पुष्कळ लोक येतात, आणि दिवाळीपूर्वीच ते झाड बोडके होते.

या पानाच्या रसाने डेंग्यू खरोखर बरा होतो काय? विद्यार्थिमित्रहो, मी वैद्य नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि भाषेचा शिक्षक आहे. परंतु भाषेच्या शिक्षकाला वाक्यातील शब्दांचे परस्परसंबंध तपासण्याची सवय असते. ‘पान दिले आणि प्लेटलेट वाढल्या’ या वाक्यात ‘आणि’ हे उभयान्वयी अव्यय आहे. सांगणारा ‘आणि’ म्हणतो. ऐकणारा मात्र ते ‘म्हणून’ असे ऐकतो. या दोन अव्ययांमध्ये केवढे अंतर आहे, आणि ते ओलांडण्यासाठी काय काय करावे लागते, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. हा उपाय चरक-सुश्रुतांपासून चालत आला आहे, असे पुष्कळांस वाटते. तसे असणे शक्यच नाही. कारण पपई हे झाड मूळचे आपल्या देशातले नव्हे. ते मध्य अमेरिकेतले. कोलंबसाच्या सफरींनंतर स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांच्या गलबतांबरोबर ते पूर्वेकडे आले. १५८३ पासून काही वर्षे गोव्यात आर्चबिशपच्या पदरी चिटणीस असलेला लिन्सखोटेन नावाचा डच प्रवासी होता. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ साली प्रसिद्ध झाला. हे फळ स्पॅनिशांच्या मुलुखातून फिलिपाइन्समार्गे मलाक्केस आणि तेथून हिंदुस्थानात आले, असे त्याने त्यात नोंदविले आहे. आम्ही कोंकणी बोलणारे लोक आजही पपईला ‘पपाय’ म्हणतो. पोर्तुगिजांच्या तोंडचा शब्द आमच्या तोंडी तसाच राहिला. झाड परके आहे म्हणून त्याचे औषध खोटे ठरते असे नाही. मिरची आणि बटाटाही परकेच. पण पुरातनपणाची साक्ष येथे काढता येत नाही. पपईच्या पानाला स्वतःच्या पुराव्यावरच उभे राहिले पाहिजे.

आता रोगाकडे वळू. डेंग्यू हा विषाणूमुळे येणारा ताप. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेली एडिस जातीच्या डासाची मादी तो एकापासून दुसऱ्यापर्यंत नेते. ती दिवसा चावते आणि घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढते. माळव्यातील उन्हाळा सरल्यावर कूलरच्या टाकीत राहून गेलेले पाणी तिला फार मानवते. तिची अंडी टाकीच्या कोरड्या भिंतीलाही कित्येक महिने चिकटून जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, टाकी घासावी लागते. या तापात अंग, सांधे आणि डोळ्यांच्या मागचा भाग असा काही ठणकतो की त्याला ‘हाडमोड्या ताप’ हे नाव पडले. याचा विषाणू प्रथम वेगळा काढला तो १९४३ साली जपानी शास्त्रज्ञांनी. आपल्या देशात १९६३ साली कलकत्त्यात मोठी साथ आली, आणि १९९६ च्या दिल्लीतील साथीत दहा हजारांवर लोक आजारी पडून चारशेंवर दगावले. विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा ताप येऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. पण पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठले तर ताप गंभीर होण्याचा संभव उलट वाढतो. एकाच घरात एकाचा ताप सहज उतरतो आणि दुसऱ्याचा जिवावर बेततो, याचे एक कारण हे आहे.

आपल्या प्रश्नाची किल्ली मात्र या तापाच्या क्रमात आहे. पहिले तीन-चार दिवस ताप कडक असतो. त्याच सुमारास प्लेटलेट उतरू लागतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असतात. डेंग्यूत त्या लाखाखाली, पन्नास हजारांखाली, क्वचित त्याहूनही खाली जातात. ताप उतरण्याच्या सुमारास ही संख्या बहुधा सर्वांत कमी असते. त्यानंतर एक-दोन दिवसांत, शरीराने विषाणूवर मात केली की, ती आपोआप चढू लागते. औषध घेतले तरी चढते, न घेतले तरी चढते. आता घरोघरी काय घडते ते पाहा. पहिल्या दिवशी पपईच्या पानाच्या शोधात कोणी जात नाही. संख्या पुष्कळ उतरली, घरातले घाबरले, म्हणजे पान आणले जाते. म्हणजेच ते अशा वेळी पोटात जाते की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संख्या वाढावयाचीच असते. अमावास्येच्या रात्री कोणी चंद्र वाढावा म्हणून नवस बोलला आणि तिसऱ्या दिवशी कोर दिसल्यावर नवस फेडावयास गेला, तर त्याची श्रद्धा कितीही खरी असली तरी चंद्र नवसामुळे वाढला असे आपण म्हणणार नाही.

मग खरे-खोटे ठरवावयाचे कसे? त्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे तुलना. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी वैद्याने रक्तपितीने, म्हणजे स्कर्व्हीने, पछाडलेले बारा खलाशी निवडले. त्यांच्या दोनदोनांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. बाकीचे अन्न सर्वांना सारखेच होते. संत्री आणि लिंबे खाणारी जोडी झपाट्याने सुधारली. लिंडच्या उपायापेक्षा त्याची रीत मोठी होती, असे मला वाटते. पुढे या रीतीत दोन सुधारणा झाल्या. कोणाला औषध द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवावे, म्हणजे धडधाकट रोगी एका बाजूस आणि दुबळे दुसऱ्या बाजूस असे होत नाही. शिवाय ज्यांना औषध द्यावयाचे नाही त्यांना तशीच दिसणारी निरौषध गोळी द्यावी, आणि कोणाला काय मिळाले हे रोग्याला किंवा तपासणाऱ्या वैद्याला शेवटपर्यंत कळू देऊ नये. कारण आशा हीसुद्धा माणसाच्या डोळ्यांना फसवते.

पपईच्या पानाची अशी परीक्षा झाली आहे काय? झाली आहे, आणि ही गोष्ट आनंदाची आहे. २०११ साली पाकिस्तानातील संशोधकांनी एका रोग्याची हकीगत प्रसिद्ध केली. पानांचा अर्क सकाळ-संध्याकाळ पाच दिवस दिल्यावर त्याच्या प्लेटलेट पंचावन्न हजारांवरून एक लाख अडुसष्ट हजारांवर गेल्या. आपल्याकडे मोबाईलवरून जे संदेश फिरतात त्यांचा सूर असाच असतो. पण हा रोगी एकच. त्याच्या शेजारी पान न घेणारा दुसरा कोणी नव्हता. वरचे नवसाचे उदाहरण येथे तंतोतंत लागू पडते.

२०१३ साली मलेशियातील संशोधकांचे काम प्रसिद्ध झाले. ते याहून पुष्कळ भक्कम होते. डेंग्यूचे २२८ रोगी घेऊन त्यांचे दोन सारखे भाग केले. एका भागाला नेहमीच्या उपचारांबरोबर ५० ग्रॅम ताज्या पानांचा रस रोज एकदा, तीन दिवस दिला. दुसऱ्या भागाला नेहमीचेच उपचार. चाळीस तासांनंतर पान घेणाऱ्यांच्या प्लेटलेट दुसऱ्यांपेक्षा सरासरीने अधिक वाढलेल्या आढळल्या. प्लेटलेटच्या निर्मितीशी संबंध असलेल्या काही जनुकांची हालचालही त्यांच्या रक्तात वाढलेली दिसली. तथापि या परीक्षेत निरौषध रस कोणास दिलेला नव्हता. आपण काय पीत आहो हे रोग्यांना ठाऊक होते. पानाचा रस इतका कडू असतो की त्याची नक्कल करणे सोपेही नाही. आणि अत्यवस्थ रोग्यांना या परीक्षेत घेतलेच नव्हते.

आपल्या देशात यापुढचे पाऊल टाकले गेले. पानाच्या अर्काची गोळी बनविल्यामुळे निरौषध गोळीची अडचण उरली नाही. पाच केंद्रांत मिळून ३०० रोग्यांवर, रोग्याला आणि वैद्याला दोघांनाही अज्ञानात ठेवून केलेली ही परीक्षा २०१६ साली भारतीय वैद्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात आली. तिच्यातही अर्क घेणाऱ्यांच्या प्लेटलेट अधिक लवकर वाढल्याचे दिसले. म्हणजे ‘आणि’पासून ‘म्हणून’पर्यंतचे काही अंतर या पानाने खरोखरच तोडले आहे. जो कोणी या उपायाला सरसकट खुळेपणा म्हणेल त्याने या परीक्षा वाचलेल्या नाहीत असे समजावे.

मग आणखी काय पाहिजे, असे तुम्ही विचाराल. येथेच या प्रकरणातील खरी मेख आहे. २०१९ साली श्रीलंकेतील वैद्यांनी तोवरच्या सर्व परीक्षा एकत्र मांडून पाहिल्या. प्लेटलेटची संख्या वाढते असे दिसते. पण रोगाचे गंभीर परिणाम टळतात किंवा मृत्यू कमी होतात असे म्हणण्यास पुरावा अपुरा आहे, असा त्यांचा अभिप्राय पडला. संख्या वाढते तर मग माणूस वाचणार नाही काय? ही शंका स्वाभाविक आहे, आणि तिचे उत्तर असे की डेंग्यूत माणूस बहुधा प्लेटलेट कमी झाल्यामुळे दगावत नाही.

तो दगावतो तो रक्तवाहिन्या पाझरू लागल्यामुळे. ताप उतरण्याच्या सुमारास, साधारण एक ते दोन दिवस, काही रोग्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती सच्छिद्र होतात आणि रक्तातला पाण्यासारखा द्रव बाहेर, पोटाच्या व छातीच्या पोकळीत झिरपू लागतो. राहिलेले रक्त घट्ट होते. गुळाचा पाक आटवताना पाणी उडून तो दाट होतो तसेच. रक्तदाब घसरतो, हातपाय गार पडतात, आणि वेळेवर शिरेतून योग्य प्रमाणात द्रव मिळाला नाही तर मेंदू, यकृत, मूत्रपिंड या सर्वांचाच पुरवठा तुटतो. म्हणून जाणते वैद्य प्लेटलेटच्या आकड्याबरोबर, किंबहुना त्याहून अधिक, रक्ताच्या घट्टपणाचा आकडा पाहतात. त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. चाचणीच्या कागदावर तो प्लेटलेटच्या शेजारीच छापलेला असतो. टावर चौकात तो आकडा बोलताना मी अद्याप कोणाला ऐकलेले नाही.

प्लेटलेटचा आकडा फसवा असतो याचे याहून ठळक प्रमाण हवे असेल तर तेही आहे. सिंगापूर आणि मलेशिया येथील रुग्णालयांत ३७२ प्रौढ रोग्यांची एक परीक्षा झाली. तिचा वृत्तांत २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आला. या रोग्यांच्या प्लेटलेट वीस हजारांवर किंवा त्याखाली आल्या होत्या, पण विशेष रक्तस्राव होत नव्हता. निम्म्यांना बाहेरून प्लेटलेट चढविल्या, निम्म्यांना नाही. रक्तस्राव झाला तो पहिल्या गटात शेकडा २१ जणांना आणि दुसऱ्या गटात शेकडा २६ जणांना. हा फरक केवळ योगायोगाने पडण्याइतका लहान होता. उलट चढविलेल्यांत अंगावर पित्त उठणे यांसारखे अपाय अधिक झाले. प्रत्यक्ष प्लेटलेट शिरेतून दिल्याने जेथे रोग्याचा विशेष लाभ झाला नाही, तेथे पानाच्या रसाने ती संख्या थोडी लवकर चढली म्हणून कितीसा लाभ होणार, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

‘पण पान घेतल्याने तोटा तरी काय?’ हा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, आणि तो आदराने ऐकण्याजोगा आहे. पपईच्या पानाने त्या परीक्षांत मोठा अपाय झालेला आढळला नाही. पण ज्याच्या पोटात आधीच पाणी ठरत नाही, त्याला कडू रस पाजला आणि उलटी झाली तर उरलेसुरले पाणीही जाते. याहून मोठा तोटा वेळेचा आहे. ताप उतरला, संख्या पाच हजारांनी वाढली, पानाचा गुण आला असे म्हणून जी रात्र घरात काढली जाते, ती रात्र कित्येकदा झिरपण्याची असते. नेमकी तीच वेळ रुग्णालयात असण्याची.

वनस्पती म्हटली की ती निरुपद्रवीच, हेही गृहीत धरू नये. आपली गुळवेल, येथे जिला सारे गिलोय म्हणतात, ती कोविडच्या साथीत घरोघरी उकळली गेली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत यकृतास इजा झालेले सहा रोगी आढळले. ते सर्व गुळवेल घेत होते. ही नोंद २०२१ साली प्रसिद्ध झाली. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली गेली असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद कोणत्याही बाजूने सुटो. फाटकावरून तोडलेली वेल नेमकी कोणती, हे आपणांपैकी किती जणांना छातीठोकपणे सांगता येईल? कोंकणीत औषधाला ‘वखद’ म्हणतात. आमच्या गावाकडे गांवठी वखद देणारी जाणती माणसे पाला तोडण्यापूर्वी तो वास घेऊन, चुरडून, उलटसुलट पाहून घेत. त्यांच्या ज्ञानाचा आपण फक्त अर्धा भाग, म्हणजे पाजण्याचा, तेवढा उचलला आहे.

वनस्पतींविषयी माझे मन कलुषित आहे असे मात्र कोणी समजू नये. देवाला आपण दवणा वाहतो. त्याच कुळातील एका चिनी वनस्पतीपासून तू यूयू या विदुषीने मलेरियावरील औषध काढले आणि त्यासाठी २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळविले. तिला वाट दाखविली ती चौथ्या शतकातील एका चिनी ग्रंथाने. त्यात पाला उकळावयास न सांगता थंड पाण्यात भिजवून पिळावयास सांगितले होते. त्यावरून उष्णतेने औषधी द्रव्य नष्ट होत असावे, असे तिने ताडले. तिने ग्रंथाचा मान राखला, आणि मग त्या ग्रंथाची परीक्षाही घेतली. डेंग्यूच्या बाबतीतही असे प्रयत्न चालू आहेत. दिल्लीतील आंतरराष्ट्रीय जनुक-अभियांत्रिकी केंद्रातील शास्त्रज्ञांनी पहाडवेलीचा, संस्कृतात जिला पाठा म्हणतात तिचा, अर्क तपासला. तो प्रयोगशाळेत डेंग्यूच्या चारही प्रकारांच्या विषाणूंना रोखतो आणि उंदरांना काही अंशी वाचवितो, असे त्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. पुढे कुंपणावर सहज चढणाऱ्या वासनवेलीचा शुद्ध केलेला अर्कही एका भारतीय औषध कंपनीच्या साहाय्याने माणसांवरील परीक्षेपर्यंत नेण्यात आला. या दोन्ही वेलींचा रोख पपईपेक्षा निराळा आहे. त्या प्लेटलेटचा आकडा चढवू पाहत नाहीत, विषाणूलाच अडवू पाहतात. उंदीर आणि माणूस यांच्यामधला रस्ता लांबचा असतो, आणि त्यावर पुष्कळ औषधे गळून पडतात. पण रोख योग्य आहे.

डेंग्यूच्या विषाणूला मारणारे सर्वमान्य औषध आजमितीस कोणत्याच वैद्यकात नाही. असे असूनही योग्य वेळी योग्य शुश्रूषा मिळाली तर शंभरांत एकाहूनही कमी रोगी दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती शुश्रूषा साधी आहे. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढेच. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन मुळीच नको, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. पेज, ताक, नारळाचे पाणी, मीठ-साखरेचे पाणी असे काही थोडेथोडे पण सतत. कोणाला पान द्यावयाचेच असेल तर ते डॉक्टरांना सांगून द्यावे आणि पाण्याच्या जागी देऊ नये. ताप उतरल्यावरच्या दोन दिवसांत तर रोग्यावरची नजर हलू देऊ नये. पोटात असह्य दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, काळी शौच, गार पडलेले हातपाय, एकाएकी आलेली ग्लानी किंवा अस्वस्थता, यांतील एकही चिन्ह दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ही चिन्हे ओळखण्यास रक्ताची चाचणी लागत नाही. आणखी एक खूण घरातील शाळकरी मुलालाही घड्याळ पाहून टिपता येते: रोग्याला सहा तासांत लघवी झालेली नसेल, तर प्लेटलेटचा आकडा कितीही असो, त्याला ताबडतोब घेऊन निघावे.